खांदेरीचा पट आणि वल्ह्यांचा नियम

१/ मागील धाग्यात आम्ही मित्रांनी खांदेरीच्या लढाईवर (इ.स. १६७९) बेतलेल्या पटावरील युद्धखेळाची ओळख करून दिली होती. त्याखालील बहुतेक प्रतिक्रिया एकाच नियमावर तुटून पडल्या. आमच्या पटावर मराठी गलबत वाऱ्याच्या थेट विरुद्ध दिशेने तीन घरे चालते. इंग्रजांचे 'रिव्हेंज' त्याच दिशेने एकही घर चालू शकत नाही. एका वाचकाने यास 'भावनेचा नियम' म्हटले, दुसऱ्याने 'फाशांतली फितुरी'. हा धागा त्या दोघांना उत्तर म्हणून लिहितो आहे. तो लांबणार आहे, आणि थोडा रागानेही लिहिला आहे.

२/ आक्षेप दोन बाजूंनी आले. पहिला पक्ष म्हणतो, नियम सर्वांना सारखा हवा. मराठ्यांचे आरमार म्हणजे किनाऱ्याच्या आडोशाने हिंडणाऱ्या होड्या, त्यांना अशी खास सवलत देणे म्हणजे इतिहास वाकवणे. दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा: गुराबेला 'रिव्हेंज'इतक्याच तोफा द्या, नाहीतर हा स्वराज्याचा अपमान आहे. हे दोघे एकमेकांशी कडाकडा भांडतात. पण आरमार मोजायचे ते तोफांच्या संख्येने, या बाबतीत दोघांचे पूर्ण एकमत आहे. माझे भांडण त्या एकमताशी आहे.

३/ माझा दावा असा: कोकण किनाऱ्यावरील मराठी आरमाराचे बळ तोफेत नव्हते, चालीत होते. वारा पडला असता कोण हलू शकतो, उथळ पाण्यात कोण शिरू शकतो, खाडीतून किती वेळात बाहेर पडता येते, या तीन प्रश्नांवर ते आरमार उभे होते. ज्या नियमावलीत हे तीन प्रश्नच नाहीत, ती तटस्थ नाही. एका विशिष्ट जातीच्या जहाजासाठी, एका विशिष्ट समुद्रासाठी लिहिलेला नियम तिने सार्वत्रिक म्हणून आपल्या गळ्यात बांधलेला असतो.

४/ ही चूक प्रथम आम्हीच केली, हे सांगितले पाहिजे. आमच्या पहिल्या नियमावलीतील चालीचा तक्ता एका परदेशी खेळातून जसाच्या तसा उचलला होता. तो खेळ अटलांटिक महासागरात रांग धरून लढणाऱ्या शिडाच्या युद्धनौकांचा. पाठीशी वारा असता इतकी घरे, आडवा असता तितकी, समोरून असता शून्य; आणि सर्व नौकांना तक्ता एकच. सोलापुरी चादरीवर पट पसरून आम्ही तो चार वेळा खेळलो. चारही वेळा इंग्रज जिंकले, तेही जेवणाच्या आत. चौथ्या खेळानंतर आमच्यातला वसतिगृहात राहणारा एक कोकणी मित्र, ज्याचे आजोबा मचव्यावर तांडेल होते, सोंगट्यांकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "अरे, यांची वल्ही कुठे गेली?"

५/ एवढ्याने आम्हाला दप्तरे पुन्हा उघडावी लागली.

६/ आधी शिडांचे गणित. पटावरचे घर षट्कोनी असते, म्हणजे नौकेला सहा दिशा. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या उगमाशी साधारण सदुसष्ट अंशांपेक्षा कमी कोन करून चालू शकत नाही. शिडे फडफडतात आणि जहाज थांबते. षट्कोनात शेजारच्या दोन दिशांमधला कोन साठ अंशांचा. त्यामुळे वारा ज्या बाजूने येतो ती बाजू आणि तिच्या डाव्या-उजव्या अशा तीन दिशा चौकोनी शिडांच्या जहाजाला बंद होतात. सहापैकी निम्म्या! त्या बाजूस जायचेच असेल तर नागमोडी चाल करत, वेळ दवडत जावे लागते, आणि दर वळणाला थोडे मागे घसरावे लागते. गलबताच्या मोठ्या डोलकाठीवर त्रिकोणी शीड असे. ते वाऱ्याच्या अधिक जवळून चालते. म्हणून शिडावर असताना त्याला आम्ही समोरची एकच दिशा बंद ठेवली.

७/ येथपर्यंत कोणाचा वाद नव्हता. वाद वल्ह्यांचा आहे. त्यासाठी साक्षीदार म्हणून कोणा बखरकाराला मी बोलावत नाही. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ साली प्रसिद्ध झाला. आंग्र्यांची स्तुती करण्यात त्याचा काडीचाही फायदा नव्हता. तो गलबताचे वर्णन करतो ते असे: मोठ्यात मोठे सत्तर टनांच्या आतबाहेर, दोन डोलकाठ्या, चाळीस ते पन्नास मजबूत वल्ही, आणि वल्हवत नेले असता वेग ताशी चार मैल.

८/ आता हेच पटावर मांडा. आमची एक खेळी अर्ध्या तासाची, एक घर सुमारे एक किलोमीटरचे. ताशी चार मैल म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या जवळपास. अर्ध्या तासात तीन घरे. वारा कोणत्याही बाजूचा असो, वा नसो. 'भावनेचा नियम' म्हणून ज्याची टिंगल झाली तो हा त्रैराशिकाचा नियम आहे. भावना त्यात कुठे शिरली, हे आक्षेपकांनीच दाखवावे.

९/ गुराबेचा प्रश्न अधिक रंजक आहे. ऑर्मच्या नोंदीनुसार दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांची. तळ असा की पाणी फारच थोडे लागावे. मधोमध रुंद, टोकाकडे निमुळती, आणि पुढे भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी लांब नाळ. नाळेवरून पुढच्या दिशेने डागता येतील अशा नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा, बाजूंना त्याहून हलक्या. ती जड, वल्ह्यांनी एकटी धावणारी नव्हे. मग वारा पडल्यावर तिने काय करायचे? गलबतांनी तिला दोर लावून ओढायचे. ऑर्मने हे स्पष्ट लिहिले आहे: वारा असेल तर आंग्र्यांची तरांडी वाऱ्याइतक्या वेगाने निघत, नसेल तर गलबते वल्हवत गुराबांना ओढून नेत. आमच्या नियमात दोन गलबते मिळून एका गुराबेला एका खेळीत एक घर ओढतात. हा आकडा आमच्या अंदाजाचा आहे, तो कमी-जास्त करण्यास मी तयार आहे. पण ओढणेच नियमातून काढा, असे कोणी म्हटले तर नाही.

१०/ येथे एक वाचक म्हणाले, सोलापूरच्या माणसाने समुद्रावर बोलू नये, तुमच्याकडे सिद्धेश्वर तलाव तेवढा आहे. मान्य. भुईकोटाच्या खंदकापलीकडे माझा नौकानयनाचा अनुभव जात नाही. परंतु खारे वारे आणि मतलई वारे हा धडा शाळेत आपण सर्वांनीच पाठ केला आहे. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिलेले हे उत्तर नौदलाच्या इतिहासात मात्र आपण विसरून जातो.

११/ पावसाळा सरल्यावर कोकणपट्टीवर वाऱ्याचा हा दिनक्रम चालतो. पहाटे खाडीतून निघणाऱ्या तरांड्याच्या पाठीशी मतलई वारा असतो. किनाऱ्यासमोर नांगरून पडलेल्या शत्रूला तोच वारा तोंडावर. दुपारनंतर खारा वारा सुटला की हेच तरांडे त्याच्या बळावर खाडीत परतू शकते. म्हणून आमच्या पटावर वाऱ्याची दिशा फाशाने ठरत नाही, घड्याळाने ठरते. फासा फक्त वारा किती जोराचा किंवा पडलेला, एवढेच सांगतो. या एका नियमाने खेळ बदलला. त्याच्यावर कोणीच आक्षेप घेतला नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

१२/ आता प्रत्यक्ष खांदेरी. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर चार-पाच किलोमीटरवरचे बेट. १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांच्या माणसांनी तेथे तटबंदीचे काम सुरू केले; मायनाक भंडारी तेथे होता. मुंबईच्या दारात किल्ला उभा राहतो आहे हे पाहून इंग्रजांनी बेटाला वेढा घालण्यासाठी नौका पाठवल्या. सप्टेंबरात बेटावर उतरण्याचा प्रयत्न फसला, लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. मग 'रिव्हेंज' हे फ्रिगेट, दोन गुराबा आणि काही शिबाडे-मचवे घेऊन मिन्चिन आणि केग्विन हे कप्तान आले.

१३/ १८ ऑक्टोबर १६७९ (ही तारीख इंग्रजांच्या तत्कालीन जुन्या पंचांगाची) रोजी पहाटे दौलतखानाचे आरमार, चाळीस ते साठ तरांडी, किनाऱ्याकडून चालून आले. ते इतक्या वेगाने आले की इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरती सवड मिळाली नाही. इंग्रजांची 'डोव्हर' ही गुराब मराठ्यांनी पकडली. दुसरी गुराब लांब राहिली, लहान तरांडी पळाली, आणि 'रिव्हेंज' एकटे उरले. त्याने मात्र तोफांच्या बळावर टिकाव धरला, काही मराठी गलबते बुडवली आणि उरलेल्यांना मागे रेटले. मराठी आरमार नागावच्या खाडीकडे वळले; इंग्रजांचा पाठलाग तेथे उथळ पाण्यापाशी संपला.

१४/ या दिवसाचे दोन्ही पक्ष सोयीस्कर अर्धे सांगतात. एक पक्ष 'डोव्हर' पकडल्यावर गोष्ट थांबवतो, दुसरा 'रिव्हेंज'च्या तोफांपासून ती सुरू करतो. पट मांडून पाहिले म्हणजे दोन्ही अर्धे एकत्र बसतात. थळपासून खांदेरीपर्यंतची चार-पाच घरे गलबत दोन खेळ्यांत ओलांडते. नांगर उचलून शिडे उभारण्यात मोठ्या जहाजाची एक खेळी जाते. उरलेल्या एका खेळीत शत्रूची जी नौका एकाकी सापडेल ती हाती लागते. जी सापडत नाही आणि जिच्यावर पुरेशा तोफा आहेत, तिच्यासमोर थांबून राहणे हा मूर्खपणा. त्याआधी खाडी गाठायची. दौलतखानाने केले ते हेच. याला भ्याडपणा म्हणणाऱ्यांनी पानिपतावर जाऊन लढावे, समुद्रावर येऊ नये.

१५/ शिवाय त्या दिवसाने वेढ्याचा निकाल लावलाच नाही. निकाल लावला तो रात्रींनी. लहान तरांडी अंधारात बेटावर रसद पोहोचवत राहिली आणि इंग्रजांची जहाजे त्यांना अडवू शकली नाहीत. मुंबईच्या पत्रव्यवहारात या चपळ होड्यांविषयीची चरफड स्पष्ट दिसते. तट उंच होत गेला. नोव्हेंबरात सिद्दी कासम मदतीला आला, त्याने पुढे जानेवारीत शेजारची उंदेरी बळकावली. परंतु खांदेरी पडली नाही, आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांनी समझोता करून आपली जहाजे काढून घेतली. तोफांची बेरीज करणाऱ्या खेळात ही रसद कुठे मांडणार?

१६/ "पण हे सारे तुम्ही मागाहून लावलेले तर्क आहेत, मराठ्यांना स्वतःला असे काही उमगले होते का?" असा प्रश्न एका मुलीने विचारला, आणि तो या साऱ्या वादातील सर्वांत चांगला प्रश्न होता. उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे, जे इ.स. १७१५ च्या सुमाराचे. आरमाराच्या प्रकरणात अमात्य सांगतात की गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. जी प्रचंड तरांडी वाऱ्यावाचून हलत नाहीत ती बांधण्यात अर्थ नाही. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, असेही ते सांगतात.

१७/ पाचास पंधरा. एका गुराबेमागे तीन गलबते. ओढायला, भिडायला, शत्रूच्या जहाजावर चढायला. हे प्रमाण पाहून मला वाटते की आमच्या खेळातील ओढण्याचा नियम अमात्यांनी पाहिला असता तर ते फार चकित झाले नसते. अर्थात हे माझे अनुमान. पण मोठी जहाजे बांधण्याची ऐपत नव्हती म्हणून लहान बांधली, या नेहमीच्या वाक्याला आज्ञापत्र सरळ छेद देते. जहाजाचा आकार तेथे विचारपूर्वक निवडलेला आहे, आणि निवडीचे कारण चाल हेच दिले आहे.

१८/ लढण्याची रीतही चालीतूनच आलेली. ऑर्म लिहितो: आंग्र्यांच्या गुराबा शत्रूच्या पिछाडीस जमत. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना. पिछाडीस त्या थोड्याच. तेथून नाळेवरच्या तोफांनी प्रथम डोलकाठ्यांवरच नेम धरायचा, तोही तिन्ही डोलकाठ्या एका दृष्टिक्षेपात जवळजवळ दिसतील अशा क्षणी, म्हणजे एक चुकली तर दुसरीला लागावी. डोलकाठ्या कोसळल्या की जहाज हलायचे थांबते. मग जवळ जाऊन सर्व बाजूंनी मारा; तरीही शरण न आल्यास माणसांनी भरलेली गलबते चहूकडून एकाच वेळी भिडवायची.

१९/ क्रम पाहा. आधी शत्रूची चाल मारायची, मग शत्रू. आमच्या नियमात म्हणूनच डोलकाठ्या शाबूत असलेल्या जहाजावर चढाई करता येत नाही, आणि पिछाडीच्या घरातून डागलेल्या तोफेला प्रत्युत्तर नाही. याच रीतीपुढे १७५४ साली तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने तीन डच जहाजे गाठली. त्यांपैकी मोठ्यावर पन्नास तोफा होत्या. दोन जळाली, एक हाती लागले.

२०/ आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण त्यांना वाटेल की हा धागा त्यांच्या बाजूने आहे. नाही. गुराबेचीच नाळ लाटांवर तिची वैरीण होत असे. समोरून लाट असली की गुराब जोरात वर-खाली हेलकावे खाई. नाळेवरचा भाग कठड्यावाचून उघडा ठेवलेला असे तो चढलेले पाणी वाहून जावे म्हणूनच. अशा पाण्यात तिच्या पुढच्या तोफा नेम काय धरणार? म्हणून लाट असता आमच्या खेळात तिचा मारा निम्मा होतो. गुराबेला फ्रिगेटच्या तोफा देऊन मोकळ्या समुद्रात सोडणारे मित्र तिच्या बांधणीचाच अपमान करीत आहेत.

२१/ आणि वारा टिकून राहिला तर? १७५५ साली कमोडोर जेम्स ४४ तोफांचे 'प्रोटेक्टर' घेऊन सुवर्णदुर्गावर आला (पेशव्यांचे आरमार त्याच्याबरोबर होते, ही आपली कायमची दुखरी नस). आंग्र्यांची तरांडी बाहेर पडून पळू लागली. ऑर्म सांगतो, वजन कमी करण्यासाठी त्यांनी अडगळ समुद्रात फेकली. होती नव्हती ती शिडे उभारलीच, शिवाय अंगावरचे कपडे, गोधड्या, पागोटीसुद्धा सोडून वाऱ्यावर धरली. जेम्सने शेवटी पाठलाग सोडून दिला. पण गोधडीचे शीड करावे लागते त्या क्षणी तुम्ही सुरक्षित अंतर गमावलेले असते. सतत वाऱ्यात, खुल्या पाण्यात, मोठ्या शिडांच्या जहाजाची सरशी. आमचा तक्ताही तेच सांगतो: भर वाऱ्यात 'रिव्हेंज' पाच घरे, गुराब चार.

२२/ पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या खाडीत ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांसमोर तुळाजींचे आरमार नांगरलेल्या स्थितीत सापडले. एका तरांड्यावर गोळा पडून आग लागली, शेजारच्या तरांड्यांवर पसरली, आणि सारे आरमार जळाले. जे आरमार चालीवर जगले ते हालचाल थांबली तेव्हा एका दिवसात संपले. तोफा त्या दिवशीही होत्या.

२३/ 'किनाऱ्यावरच्या होड्या' या शेऱ्याबद्दल शेवटचे. दर्यावरची सत्ता म्हणजे महासागर पार करणे, अशी व्याख्या केली तर मराठी आरमार नापास. पण मुंबई, गोवा, सुरत येथे जाणाऱ्या जहाजांना याच किनाऱ्यासमोरून जावे लागे, आणि कान्होजी आंग्र्यांच्या काळात कोणाच्या दस्तकावर जायचे हा खरा तंटा होता. त्या तंट्यात १७१७ साली इंग्रज विजयदुर्गावर गेले, १७१८ साली खांदेरीवर, १७२१ साली पोर्तुगीजांसह कुलाब्यावर. तिन्ही वेळा हात हलवत परतले. दरम्यान उथळ पाण्यात जाऊ शकेल असा सपाट तळाचा तोफांचा तराफाही त्यांनी मुंबईत बांधून पाहिला. आणि मुंबईच्या कंपनी आरमाराने स्वतःसाठी काय बांधले? गुराबा आणि गलबते. ज्या होड्यांना तुम्ही आज हसता, त्यांची नक्कल शत्रूने पैसे मोजून केली.

२४/ एक दुरुस्ती मात्र मी स्वीकारतो. गलबताला दर खेळीस तीन घरे वल्हवू देणे ही माझी चूक होती. चाळीस-पन्नास माणसे तास-दीड तास त्याच जोमाने वल्ही मारू शकत नाहीत. यापुढे लागोपाठ दोन खेळ्या वल्हवल्यावर तिसऱ्या खेळीत गलबत एकच घर चालेल, आणि गुराब ओढत असेल तर त्या खेळीत दोर सोडावा लागेल. थळ ते खांदेरी दोन खेळ्यांत जमते. परतीला खारा वारा नसेल तर पंचाईत आहे. तशी ती दौलतखानालाही असणार.

२५/ सुधारित तक्ता उद्या टाकतो. येत्या रविवारी याच नियमांनी पुन्हा पट मांडणार आहोत आणि या वेळी इंग्रजांकडून मी खेळणार आहे. कोकणी मित्राने दौलतखान मागून घेतला आहे, आणि खेळ पहाटेच्या खेळीपासूनच सुरू व्हावा असा त्याचा हट्ट आहे.